चार्जरची बारीक शिट्टी मला ऐकू येते, घरच्यांना नाही. दोष कानाचा की उपकरणाचा?

तुमच्या प्रश्नातल्या कामाच्या गोष्टी आधी एका जागी घेतो. वय २६. रात्री अकरानंतर घर शांत झालं की बेडरूममध्ये बारीक, सलग 'कींऽऽ' असा आवाज येतो. तुम्हाला तो झोप लागू नये इतका स्पष्ट, आईबाबांना अजिबात नाही. खोलीत मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, वायफायचा राउटर आणि छताला एलईडी पॅनेल. बाहेर पॅसेजमध्ये इन्व्हर्टर. फोन चार्जरवरून काढला की आवाज वाढल्यासारखा वाटतो. बाबांनी मेन स्विच पाडून दाखवला, तरी आवाज थांबला नाही, त्यावरून 'तुझ्या कानातच आहे' असा निकाल लागला. कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढला, तो नॉर्मल आला. आता तुम्ही विचारताय की हा भास आहे का, आणि नसेल तर चार्जर पेटण्याची ही लक्षणं आहेत का.

माझा अंदाज सांगतो. आवाज खरा आहे, मोबाइलच्या चार्जरचा किंवा राउटरच्या अडॅप्टरचा आहे, आणि बहुधा निरुपद्रवी आहे. पण अंदाजावर थांबू नका, कारण याच वर्णनात बसणाऱ्या एकदोन गोष्टी निरुपद्रवी नसतात. आवाज किती बारीक आहे किंवा किती मोठा आहे यावरून फारसं निदान होत नाही. तो कशाने सुरू होतो, कशाने थांबतो आणि कशाने बदलतो, हे बघितलं की जवळजवळ सगळं कळतं.

आधी बाबांच्या चाचणीबद्दल. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लोड उचलतो. बहुतेक घरांत दिवे, पंखे आणि बेडरूमचे एकदोन सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असतात. म्हणजे मेन बंद केला तरी तुमचा राउटर आणि कदाचित चार्जरही चालूच होता. शिवाय लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. ही चाचणी बरोबर करायची तर क्रम असा: लॅपटॉप पूर्ण शटडाउन (नुसतं झाकण मिटणं नव्हे), फोन दुसऱ्या खोलीत, इन्व्हर्टर पुढच्या बटणावर बंद, आणि मग मेन बंद. इन्व्हर्टरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बहुतेक मॉडेल तेव्हाही मेनची वीज तशीच पुढे सोडतात. दोन्ही बंद हवेत. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावला असेल तर त्याची पिनही काढा. आता पाच मिनिटं अंधारात बसा.

आवाज गेला, तर प्रश्न उपकरणाचा आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आवाज तसाच राहिला, तर आणखी दोन खुणा बघा. कानाच्या भोकासमोरचा मऊ कूर्चेचा तुकडा बोटाने दाबून दोन्ही कान बंद करा. बाहेरचा आवाज असेल तर तो एकदम कमी होतो. कानातला असेल तर उलट जास्त ठळक होतो. दुसरी खूण डोकं हलवण्याची. १२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला १२ हजार कंपनांच्या) ध्वनीची तरंगलांबी हवेत तीन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. बंद खोलीत भिंतींवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळतात, आणि इंचा-दोन इंचांवर कुठे आवाज चढतो, कुठे जवळपास नाहीसा होतो. उशीवर डोकं थोडं सरकवल्यावर आवाज कमीजास्त होत असेल तर तो नक्की खोलीतला आहे. कानातला आवाज डोकं कसंही फिरवा, सारखाच राहतो आणि गच्चीवर गेलात तरी सोबत येतो. (याच कारणाने असल्या आवाजाची दिशा नुसत्या कानाने ठरवताना माणूस हमखास चुकतो. डाव्या भिंतीतून येतोय असं छातीठोक सांगतात आणि चार्जर उजवीकडे निघतो.)

आता ऑडिओग्राम. नेहमीच्या तपासणीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच ऐकणं मोजतात, कारण बोलणं समजायला तेवढा पट्टा पुरतो. तुमच्या चार्जरचा आवाज ८ ते १६ किलोहर्ट्झमध्ये असेल, तर त्या कागदावर त्याबद्दल चांगलं-वाईट काहीच नसतं. नॉर्मल रिपोर्टमुळे आवाज खोटा ठरत नाही आणि तुमचे कान काही अतिमानवी आहेत असंही नाही. लहान वयात माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढतं तशी ही मर्यादा वरून खाली झिजत येते. पन्नाशीतल्या माणसाला १२-१३ किलोहर्ट्झच्या पुढचं न ऐकू येणं अगदी सामान्य आहे. त्यात आयुष्यभर कारखान्यात, डीजेजवळ किंवा रहदारीत काम केलेलं असेल तर आणखी लवकर. इंग्लंड-वेल्समध्ये दुकानांसमोर घोळका करणाऱ्या पोरांना हटवायला २००५ साली हॉवर्ड स्टेपलटन यांनी 'मॉस्किटो' नावाचं यंत्र काढलं, ते याच गोष्टीवर चालतं: साधारण १७.४ किलोहर्ट्झचा आवाज, पोरांना असह्य आणि मोठ्यांना पत्ताच नाही.

बाबांना पटवायचं असेल तर जुन्या टीव्हीची आठवण द्या. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत दूरदर्शनच्या पद्धतीप्रमाणे ६२५ रेषांची चित्रं सेकंदाला २५ वेळा काढली जात. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. टीव्हीतला फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (पिक्चर ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा) बरोबर त्याच फ्रिक्वेन्सीवर थरथरायचा. आवाज पूर्ण बंद असला तरी शेजारच्या खोलीत टीव्ही चालू आहे हे मुलांना कळायचं ते यामुळे. बाबांनाही तेव्हा ते कळत असणार.

मग चार्जर आवाज का करतो? आजचे सगळे चार्जर, अडॅप्टर, एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी डबी) हे एसएमपीएस, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारे असतात. २३० व्होल्टची एसी आधी डीसी होते, साधारण ३२५ व्होल्ट, आणि मग एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ती सेकंदाला ६५ हजार ते लाखभर वेळा तोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरला देतो. ६५ किलोहर्ट्झ कुत्र्यालाही ऐकू येत नाही, आपल्याला तर नाहीच. खरी गंमत लोड कमी झाल्यावर होते. फोन काढलेला आहे किंवा पूर्ण चार्ज झालेला आहे, अशा वेळी सतत स्विचिंग करत राहणं म्हणजे फुकट वीज जाळणं. म्हणून कंट्रोलर आयसी (हा स्विच चालवणारी चिप) मधले ठोके गाळतो. उतारावरचा सायकलवाला जसा अधूनमधून दोन फेरे पॅडल मारतो आणि बाकी वेळ सायकल सोडून देतो, तसं तो थोडे पल्स देतो, थांबतो, पुन्हा देतो. पल्सच्या या झुंडी सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा येतात, आणि हा आकडा थेट आपल्या ऐकण्याच्या पट्ट्यात पडतो. ट्रान्सफॉर्मरचा फेराइट कोर चुंबकीय क्षेत्र बदललं की अगदी सूक्ष्म लांबतो-आखडतो, तारेचे वेढे एकमेकांना ढकलतात आणि सिरॅमिक कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग) व्होल्टेजच्या चढउताराने फुगतात-दबतात. कॅपॅसिटर आतल्या सर्किट बोर्डावर घट्ट सोल्डर केलेला असतो, त्यामुळे अख्खा बोर्डच स्पीकरच्या पडद्यासारखा हलतो. याला सरसकट 'कॉइल व्हाइन' म्हणतात, पण बऱ्याचदा कॉइल बिचारी गप्प असते आणि गुन्हेगार कॅपॅसिटर निघतो.

तुम्ही लिहिलेली 'फोन काढला की वाढतो' ही ओळ म्हणूनच महत्त्वाची. रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या लोडवर आवाज आणि फोन लावताच गप्प, हे पल्स गाळण्याचं सरळ लक्षण आहे. चांगल्या कंपनीचा नवा चार्जरही असं करतो. फोन ९० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर हळूहळू आवाज सुरू होणं हेही तेच, कारण शेवटी शेवटी फोन करंट कमी ओढतो. रात्रीच जास्त का, तर एक म्हणजे पंखा आणि रस्ता सोडला तर बाकी गोंगाट संपलेला असतो. दुसरं म्हणजे लोड उतरल्यामुळे बऱ्याच भागांत रात्री व्होल्टेज चढतं, मल्टिमीटरवर २४५-२५० दिसणं नवल नाही, आणि काही सर्किट चढ्या व्होल्टेजला लवकर पल्स गाळायला लागतात. सगळेच तसं करत नाहीत. डिझाइनवर अवलंबून आहे.

उलट प्रकार मात्र गांभीर्याने घ्यायचा: लोड टाकल्यावर सुरू होणारा किंवा वाढणारा आवाज, जो दोनचार महिन्यांपूर्वी नव्हता. राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर इथे पहिले संशयित. ते वर्षानुवर्षं चोवीस तास चालू, वर सॉकेटमध्ये टीव्हीच्या मागे गरमीत कोंडलेले. आतला आउटपुट कॅपॅसिटर, बहुतेक वेळा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा, सुकतो आणि डोकं फुगवतो. मग आउटपुट डगमगायला लागतं, कंट्रोलर ते सावरायला धडपडतो आणि ती धडपड आपल्याला शिट्टीसारखी ऐकू येते. जोडीला दिसणारी लक्षणं: राउटर दिवसातून दोनतीनदा आपोआप रीस्टार्ट होणं, वायफाय मधेच जाणं, वीज जाऊन आल्यावर सेट-टॉप बॉक्स पहिल्या झटक्यात सुरू न होणं. शिट्टीऐवजी सेकंदाला एकदोनदा 'टिक... टिक...' येत असेल तर अडॅप्टर सुरू होऊ बघतोय आणि पडतोय. एक तर पुढे शॉर्ट आहे किंवा आयसीला पोसणारा छोटा कॅपॅसिटर, साधारण १० ते ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, गेला आहे. मल्टिमीटरवर रिकाम्या अडॅप्टरचं व्होल्टेज बघून फसू नका. नुसता मोजला तर १२.१ दाखवेल, राउटर जोडल्यावर १० पर्यंत कोसळेल. मोजायचं ते लोड लावून.

असा अडॅप्टर उघडून दुरुस्त करण्यापेक्षा बदला. नव्यावर व्होल्टेज तेवढंच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची जाडी तीच आणि मधल्या पिनला प्लस की मायनस हे लेबलवरच्या खुणेशी जुळवा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक छापलेला बघा आणि बीआयएस केअर ॲपवर टाकून तो खरा आहे का ते तपासा. शंभर रुपयांच्या बिनलेबली अडॅप्टरमध्ये मेनची बाजू आणि आपल्या हातात येणारी बाजू यांच्यात पुरेसं अंतरच ठेवलेलं नसतं. शिट्टीपेक्षा ती गोष्ट कितीतरी वाईट.

शोधायची पद्धत. रात्री पंखा बंद करून खोलीतलं सगळं चालू ठेवा, आवाज येतोय याची खात्री करा आणि एकेक पिन उपसत जा. नुसतं बटण बंद करू नका. काही घरांत वायरिंग उलटं असतं, बटण न्यूट्रल तोडतं, आणि अशा सॉकेटमध्ये चार्जरचा एखादा दिवा मंद मिणमिणत राहतो. प्रत्येक पिन काढल्यावर दहा सेकंद थांबा, कारण आतला कॅपॅसिटर रिकामा होईपर्यंत आवाज रेंगाळू शकतो. संशयित सापडला की तो एकटा लावून बघा. मग बाकीचे लावून तो काढून बघा. दोन्हीकडून जुळलं तरच पक्कं. कधीकधी दोन उपकरणांचे आवाज असतात, आणि मोठा थांबल्यावर लहान ऐकू यायला लागतो. लोकांना वाटतं काहीच फरक पडला नाही.

एकाच बोर्डवर चार पिना असतील तर वर्तमानपत्राची किंवा जाड कागदाची हातभर लांब, अंगठ्याएवढी रुंद पुंगळी करा. एक टोक कानाजवळ, दुसरं प्रत्येक अडॅप्टरपासून दोन सेंटिमीटरवर फिरवा. योग्य जागी आवाज असा उसळतो की शंका राहत नाही. गॅरेजवाले स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात, तो प्रयोग मेनच्या उपकरणांवर अजिबात नको.

आईबाबांना दाखवायला अँड्रॉइडवर 'स्पेक्ट्रॉइड'सारखं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या. फोन सेकंदाला ४८ हजार नमुने घेत असेल तर २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सिद्धांताने दिसू शकतं. माइक त्याच्या बराच आधी मंदावतो, पण १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत बहुतेक फोन नीट दाखवतात. फोन चार्जिंगला लावलेला नको. चार्जरजवळ नेल्यावर एखाद्या फ्रिक्वेन्सीवर सुईसारखी उभी रेघ येईल. अंतर निम्मं केलं की ती सुमारे ६ डेसिबलने चढली पाहिजे, आणि पिन काढली की गेली पाहिजे. त्याचे दोन स्क्रीनशॉट काढा, पिन लावलेली आणि काढलेली. डेसिबलचा आकडा मात्र दुसऱ्याच्या फोनशी ताडून बघू नका, फोनचा माइक त्यासाठी जुळवलेला नसतो. आणि व्हॉइस नोट पाठवून कुणाला ऐकवायच्या भानगडीत पडू नका. त्यात वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्याच जातात आणि तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतो.

बाकीच्या संशयितांबद्दल थोडं थोडं.

लॅपटॉप. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर अडॅप्टर, राहिला तर लॅपटॉप. पान स्क्रोल करताना किंवा माउस हलवताना 'चिर्रचिर्र' असा बदलणारा आवाज मदरबोर्डवरच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या कॉइलचा असतो, कारण प्रोसेसर क्षणाक्षणाला झोपतो-उठतो. स्क्रीनचा ब्राइटनेस १०० टक्के केल्यावर सलग आवाज थांबला तर तो बॅकलाइटचा. ब्राइटनेस कमी करण्यासाठी काही लॅपटॉप दिवे वेगाने चालू-बंद करतात, पूर्ण ब्राइटनेसला ते थांबतं. कीबोर्डच्या दिव्यांनाही हेच लागू. गेमिंगच्या पीसीत ग्राफिक्स कार्ड शिट्टी मारत असेल तर फ्रेम-रेटला मर्यादा घाला. मेनूच्या पडद्यावर सेकंदाला हजारभर फ्रेम निघत असतात तेव्हा ते सर्वांत जास्त ओरडतं. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं झोपणंच बंद करायचा सल्ला लोक देतात. आवाज जातो खरा, पण लॅपटॉप तापतो आणि बॅटरी झटपट उतरते. मी तो देत नाही.

एलईडी पॅनेल. आवाज पॅनेलचा नसतो, मागे फॉल्स सीलिंगमध्ये ठेवलेल्या ड्रायव्हरच्या डबीचा असतो. ड्रायव्हर स्वतंत्र मिळतो. जुन्याच्या लेबलवरचा करंट जसाच्या तसा हवा, समजा ३०० मिलिअँपिअर असेल तर ३००च, आणि जुन्यावर लिहिलेला व्होल्टेजचा पट्टा नव्याच्या पट्ट्यात बसायला हवा. नुसते वॅट जुळवून आणलेला ड्रायव्हर एक तर पॅनेल मंद पेटवतो किंवा सहा महिन्यांत जाळतो. डिमर लावलेला असेल आणि पॅनेल 'डिमेबल' नसेल तर गुणगुण येणारच. तिथे डिमर काढणं हाच उपाय.

पंख्याची 'घूंऽऽ' ही निराळी जात, बारीक नव्हे, जाड. गोल फिरणारा ट्रायकचा (वीज तोडून-तोडून वेग कमी करणारा इलेक्ट्रॉनिक) रेग्युलेटर असेल तर मधल्या वेगावर मोटर गुणगुणते, पूर्ण वेगावर थांबते. तीनचार टप्प्यांचा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो.

इन्व्हर्टर बॅटरीवर चालताना ट्यूब, पंखे, अडॅप्टर सगळेच एकदम करवादत असतील तर तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा आहे. साइन वेव्हचा घेतल्याशिवाय ते जात नाही. वीज असताना इन्व्हर्टरमधून येणारा जाड गुंजारव १०० हर्ट्झचा, ट्रान्सफॉर्मरचा. बॅटरी भरत आली की तो कमी होतो.

उंदीर-झुरळं पळवणारा प्लगमधला अल्ट्रासॉनिक डबा घरात कुठे असेल तर आधी तो काढा. जाहिरातीत २० किलोहर्ट्झच्या वर लिहिलेलं असलं तरी स्वस्त डब्यांतून त्याखालचंही पुष्कळ बाहेर पडतं, आणि तरुण कानांना ते टोचतं. इंडक्शन शेगडीची शिट्टी बहुतेक वेळा भांड्याच्या थरांच्या बुडाची असते, भांडं बदलून बघा. राहता राहिला मोबाइल टॉवर. लोक विचारतातच म्हणून सांगतो, रेडिओलहरी कानाला ऐकू येत नाहीत. आणि इतका बारीक आवाज भिंतीतून फारसा येतही नाही. उगम तुमच्याच खोलीत शोधा.

आता धोक्याच्या खुणा. सॉकेटमधून तडतड किंवा चरचर असा तुटक आवाज, पिन थोडी हलवली की बदलणारा, हा कॉइलचा आवाज नव्हे. सैल पकडीत ठिणगी पडतेय. सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास, हात टेकवता येणार नाही इतका गरम चार्जर, पिवळं पडून वाकलेलं आवरण: यातलं काहीही दिसलं तर त्या लाइनचा एमसीबी (मीटरजवळच्या डबीतला आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, पिन ओढायच्या भानगडीत पडू नका. सलग, स्वच्छ, एकसुरी शिट्टी आणि हाताला कोमट लागणारा चार्जर, एवढंच असेल तर पेटण्याची भीती नाही.

तुमच्या बाबतीत करायचं काय, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोन काढल्यावर चार्जरही काढणं. रात्रभर चार्जिंग हवंच असेल तर जास्त ताकदीच्या चार्जरऐवजी फोनच्या गरजेइतक्या वॅटचा वापरून बघा. ६५ वॅटच्या चार्जरला भरत आलेला फोन म्हणजे जवळजवळ रिकामा लोड, १० वॅटच्याला तितका नाही. हमखास नाही, पण बऱ्याचदा फरक पडतो. तिसरा उपाय जागा बदलण्याचा. बारीक आवाज अंतराने आणि आडोशाने पटकन मरतो. चार्जर उशीपासून अर्ध्या मीटरवर असेल तो दोन मीटरवर नेला की साधारण १२ डेसिबल उतरतो, आणि कपाटाच्या मागे गेला तर आणखी. पोकळ प्लायच्या पॅनेलवर बसवलेला बोर्ड मात्र आवाज वाढवतो, तिथून हलवाच. आवाज दाबायला चार्जरवर रुमाल, उशी, स्पंज काही घालायचं नाही. तो आतल्या आत शिजतो. पंखा लावून आवाज झाकायचा प्रयत्न फारसा चालत नाही, कारण पंख्याचा आवाज जाडा आणि शिट्टी बारीक. त्यापेक्षा फोमचे इअरप्लग बरे, वरच्या फ्रिक्वेन्सी ते चांगल्याच अडवतात.

चार्जर उघडून त्यात गोंद भरण्याचे व्हिडिओ दिसतील. करू नका. डबी चिकटवून बंद केलेली असते, फोडली की पुन्हा तशी बसत नाही, आणि आतला कॅपॅसिटर पिन काढल्यावरही काही काळ ३२५ व्होल्ट धरून असतो.

ज्यांचा हात या कामावर बसलेला आहे आणि ज्यांच्यासमोर उघडा एसएमपीएस आहे, त्यांच्यासाठी एवढंच. आधी मुख्य कॅपॅसिटर १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने उतरवा, २२० मायक्रोफॅरडला १०-१५ सेकंद द्या आणि मीटरने खात्री करा. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी पाडणं सोडा. प्रायमरीच्या स्नबरमध्ये निळा किंवा तपकिरी सिरॅमिक डिस्क असेल तर पहिला संशय त्याच्यावर. तेवढ्याच किमतीचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर लावला की निम्म्या केसेस तिथेच शांत होतात. आउटपुटचे इलेक्ट्रोलिटिक १०५ अंशांचे, लो-ईएसआर टाका. कोर सैल वाजत असेल तर ट्रान्सफॉर्मर वार्निश किंवा इपॉक्सी. ढिल्या कॉइलला सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअरचं घ्या. ग्लू-गनचा गोंद गरम भागांजवळ वितळून खाली येतो.

शेवटी कानाबद्दल. सगळी वीज तोडूनही आवाज राहिला आणि कान बंद केल्यावर वाढला, तर तो कानातलाच धरा आणि पुन्हा ईएनटीकडे जा. या वेळी '८ किलोहर्ट्झच्या वरची तपासणी होते का' असं विचारा, मोठ्या केंद्रांत १६ किलोहर्ट्झपर्यंत करतात. आवाज एकाच कानात आहे, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो किंवा सोबत चक्कर येते, तर वेळ काढू नका. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा. उपचार लवकरात लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं.

एकेक पिन काढूनही उगम सापडला नाही तर पुन्हा लिहा, पण सोबत एवढं द्या: स्पेक्ट्रममधली रेघ किती किलोहर्ट्झवर आहे, फोन लावल्यावर ती सरकते की जागेवर राहते, इन्व्हर्टरसकट सगळं बंद केल्यावर काय झालं, आणि प्रत्येक अडॅप्टरच्या लेबलचा वाचता येईल असा फोटो.